एकशे एक्कावन्नची ओळ

“हे शून्य खोड,” हुक्केरीकर सर म्हणाले.

मालन कबाडे टेबलाच्या अलीकडे उभी होती आणि तिच्या शेजारी मी. सरांनी कापडी पुठ्ठ्याची ती जाडजूड वही फिरवून आमच्यापुढे सरकवली आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं. भाजक, एकशे एक्कावन्न. बाकी, शून्य. पुढे मालनची सही. तिच्या शेजारची दुसऱ्या सहीची जागा रिकामी होती. ती जागा माझी.

“सर, मी तीनदा भागलंय,” मालन म्हणाली. “तिन्ही वेळा शून्यच आलं.”

“मग चौथ्यांदा भाग.”

“चौथ्यांदा पण शून्यच येणार की, सर.”

“कबाडे, मला शिकवू नकोस.”

मला ते प्रभा म्हणायचे, तिला कबाडे. माझे वडील वकील होते आणि दर रविवारी सरांबरोबर पत्ते खेळायचे. तिचे वडील यंत्रमागावर पाळी करायचे. आमच्या गावात एवढा फरक पुरेसा होता.

कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथले लोक एक तर सत्काराला बोलावतील नाही तर कोर्टात खेचतील, आणि मला दोन्हींचा सारखाच कंटाळा आहे. साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. मी वीस वर्षांची होते आणि गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते.

त्या वहीची एक रीत होती. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या तुकडीने एक मोठी संख्या घ्यायची आणि ती मूळ आहे की नाही ते हाताने, कागदावर भागून ठरवायचं. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. मग दोन, तीन, पाच, सात असं करत जिथवर गरज आहे तिथवरच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत जायचं. प्रत्येक भागाकाराची एक ओळ, आणि ओळीवर दोन सह्या. एकाने भागायचं, दुसऱ्याने त्याचा कागद न बघता पुन्हा भागायचं, आणि बाकी जुळली तरच सही करायची. कुठे भाग गेला आणि दोघांचंही शून्य आलं, की वही मिटायची आणि संख्या बाद. मग विभागप्रमुखालाही काही बोलता यायचं नाही. ही रीत विभागाच्या पहिल्या प्रमुखांनी घालून दिली होती. ते गेले, हुक्केरीकर सर प्रमुख झाले, वही राहिली.

बहुतेक तुकड्यांची संख्या सातात किंवा तेरात लटकायची आणि पोरं पेढे खाऊन मोकळी व्हायची. पण आमचं वर्ष विभागाच्या रौप्यमहोत्सवाचं. सरांना या वर्षी संख्या बाद होऊन चालणार नव्हती. त्यांच्या अमेरिकेतल्या मेहुण्यांनी कुठल्याशा नियतकालिकातल्या एका तक्त्याची झेरॉक्स पाठवली होती. त्यातली एक संख्या सरांनी जुलैत पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिली. ३,२१,५०,३१,७५१.

“ही मूळ आहे,” सर म्हणाले. “तिकडच्या संगणकाने चार कडक चाचण्या घेतल्यात. चारही पास. आपण फक्त हाताने शिक्कामोर्तब करायचं.”

उत्तर आधीच कळलं की कष्ट कोण करतंय! भागाकार पावणेसहा हजारांच्या आसपास, आम्ही एकवीस जण, प्रत्येकाच्या वाट्याला पावणेतीनशे. दिवाळीपर्यंत अर्ध्या तुकडीने भागणं सोडून दिलं आणि बाक्या ठोकून द्यायला सुरुवात केली. भाजकापेक्षा बाकी लहान असली की झालं. सुधाकर पाटणे तर मधल्या सुट्टीत चहा पिता पिता पन्नास ओळी भरायचा. मीही शेवटच्या ऐंशी ओळी अशाच भरल्या. खोटं कशाला सांगू?

मालनने मात्र प्रत्येक ओळ भागली. मागाच्या शेडला लागून त्यांची एक खोली होती. तिथे कापडाच्या ताग्यांना गुंडाळून येणाऱ्या खाकी कागदांवर, त्या खडखडाटात बसून ती भागायची. तिला पहिला गट मिळाला होता, दोनपासून सुरू होणारा; लहान भाजक सोपे म्हणून सरांनी तो सगळ्यांत शेवटी ठेवला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती एकशे एक्कावन्नपाशी आली आणि थांबली.

“निमंत्रणपत्रिका छापून झाल्यात,” सर म्हणत होते. “स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ही संख्या आहे. पुण्याहून एवढे मोठे गणिती पाहुणे म्हणून येतायत. त्यांना काय सांगू? कबाडेबाईंना शून्य दिसलं?”

“सर, तुम्ही एकदा भागून बघा की. दोन मिनिटं लागतात.”

सरांपुढे कोरा कागद होता आणि हातात पेन्सिल होती.

“मी? तुझे भागाकार तपासत बसू? अमेरिकेतला संगणक चुकला आणि तू बरोबर, असं म्हणणं आहे तुझं?”

“संगणक काय म्हणाला ते मी वाचलं नाही, सर. मी भागलं एवढंच.”

“आकडा उतरवताना चुकली असशील. नाही तर हातचा विसरली असशील. तुमचं हे नेहमीचंच.” तुमचं म्हणजे कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “प्रभा, दुसरी सही तुझी ना? तू बघ जरा. शनिवारपर्यंत ही ओळ नीट झाली पाहिजे. महिनाअखेरीला मला विद्यापीठाला एक नाव कळवायचंय, ते दोघींनाही ठाऊक आहे.”

ठाऊक होतंच. एम.एस्सी.साठी आमच्या विभागाला एकच नाव सुचवता यायचं. त्या नावाला वसतिगृहात जागा आणि शिष्यवृत्ती मिळायची. मालनला ते मिळालं नाही, तर तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं. मला नसतं मिळालं तरी वडिलांनी मला पुण्यात खोली घेऊन दिली असती. हे मी आज शहाणपणाने सांगत नाहीये. तेव्हाही मला ते पक्कं माहीत होतं.

बाहेर व्हरांड्यात मालनने माझं मनगट धरलं.

“प्रभे, तू भाग.”

“बघते.”

“बघते न्हवं, भाग. माझा कागद बघू नगंस. तुझं तू भाग. तुझं पण शून्य आलं तर मी सरांसमोर हुबी ऱ्हाती, मग नाव कटू दे न्हाई तर काय बी हू दे. पण एकटीचं शून्य घिऊन कसं भांडू? एकटीला कोण इचारतंय?”

“आणि नाही आलं तर?”

“तर मी गपगुमान खोडती. माझं काय त्या आकड्याशी वैर हाय का?”

बुधवारी तिने विचारलं, भागलंस का? मी म्हटलं, प्रॅक्टिकलची वही राहिलीय. गुरुवारी तिने विचारलं, मी म्हटलं, डोकं दुखतंय. शुक्रवारी ती काही विचारायला येण्याआधीच सरांनी मला खोलीत बोलावलं. तिथे पाटणे बसला होता. मालनचं पान वहीतून सुरीने नीट कापून काढलेलं होतं. त्या जागी नवं पान डकवलं होतं, पाटण्याच्या गोलगोल अक्षरात. एकशे एक्कावन्न, बाकी सत्तेचाळीस. पुढे पाटण्याची सही.

“कबाडे ऐकत नाही,” सर म्हणाले. “अडेलतट्टू पोरगी. तिला या कामातून मोकळं केलंय. तू सही कर.”

“सत्तेचाळीस कुठून आले रे?” मी पाटण्याला विचारलं.

“आले,” तो म्हणाला आणि हसला.

मी सही केली. त्या पानावर चाळीस ओळी होत्या, चाळीस सह्या केल्या.

मला राग येतो. चाळीस वर्षं झाली, नोकरीतून निवृत्त झाले, गुडघे गेले, पण हा राग काही जात नाही. सरांचा येतो. ज्या माणसाने वीस वर्षं पोरांना गणित शिकवलं त्याला तीन आकडी संख्येने एक भागाकार करण्यात कमीपणा वाटावा? पाटण्याचा येतो. पुढे तो कुठल्याशा शिक्षण मंडळावर गेला आणि पेपरफुटीवर भाषणं द्यायला लागला. प्राचार्यांचा येतो, त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं आणि ते म्हणाले, विभागाचा अंतर्गत प्रश्न आहे. अंतर्गत! बाकी म्हणजे काय दुखणं होतं का पोटातलं? अख्ख्या कॉलेजात शेकड्याने माणसं होती, सगळ्यांना भागाकार येत होता, आणि दोन मिनिटं काढून ते कागदावर मांडायला एकही तयार नव्हता. ज्यांनी थापा मारल्या त्यांना समारंभात गुलाबाची फुलं, आणि जिने खरोखर भागलं तिचं पान कापलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

विद्यापीठाला माझं नाव गेलं. जुलैत मी पुण्याला आले आणि पहिल्याच महिन्यात ग्रंथालयात त्या नियतकालिकाचा बांधीव अंक काढून बसले. सरांच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात अंक आणि पान छापलेलं होतं, ते माझ्या लक्षात राहिलं होतं. तक्ता सापडला. संख्याही सापडली. चार चाचण्या, चारही पास, सर म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. फक्त सरांनी तक्त्याचा मथळा वाचला नव्हता. तो तक्ता होता मूळ नसूनही चाचण्यांना फसवणाऱ्या संख्यांचा. मूळ संख्या ही चाचणी पास होतेच, पण पास झालेली प्रत्येक संख्या मूळ असतेच असं नाही. हळद पिवळी असते म्हणून पिवळं दिसेल ते सगळं हळद नव्हे, इतकी ती साधी गोष्ट. पंचवीसशे कोटींच्या आत त्या चारही चाचण्यांना गंडवणारी संख्या एकच आहे, आणि ती म्हणजे आमच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरची. शेजारी तिचे अवयवही दिले होते. एकशे एक्कावन्न, सातशे एक्कावन्न आणि अठ्ठावीस हजार तीनशे एक्कावन्न. या शेवटच्या अवयवाची ओळ पाटण्याच्या वाट्याची होती. तिथे त्याने अकरा हजार नऊशे सात बाकी लिहिली होती.

ते पान बघून मला धक्का वगैरे काही बसला नाही. मी अंक मिटला, परत दिला आणि वसतिगृहात जाऊन जेवले. मालनला पत्र लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू करत वर्ष गेलं. नंतर तिचा भाऊ एकदा स्टँडवर भेटला. म्हणाला, सूतगिरणीच्या कचेरीत लागली, बरं चाललंय, पुस्तकं सगळी रद्दीत घातली तिने.

धक्का का बसला नाही, ते आता सांगायला हवं. त्यासाठी परत जानेवारीत जायला हवं, समारंभाच्या रविवारी.

मांडव कॉलेजच्या पटांगणात होता. पाहुणे म्हातारे होते, सडपातळ, सुती कोट घातलेले. त्यांनी वही हातात घेतली, दहा-वीस पानं उलटली आणि भाषणात म्हणाले, “इतका प्रामाणिक खटाटोप मी फार कमी ठिकाणी पाहिला.” टाळ्या झाल्या. सरांनी आम्हा वीस जणांना एकेक करून वर बोलावलं आणि फूल दिलं. मालन मागच्या रांगेत बायकांमध्ये बसली होती. तिने नवं पातळ नेसलं होतं आणि तिच्या हातात घडी केलेला खाकी कागद होता.

कार्यक्रम संपला. पाहुणे व्यासपीठाशेजारच्या खोलीत चहा घ्यायला गेले. मी पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होते, तेव्हा ती आली.

“प्रभे, एक सांग. पाहुणे अजून हाईत. गाडी चारला हाय म्हणं त्येंची.”

“मग?”

“मी ह्यो कागद त्येंच्याफुडं धरणार हाय. मोठा माणूस हाय, पर भला वाटला मला. भागून बघंल त्यो. पर तुला आधी इचारती. तू सही केलीस ते मला कळलं. राग न्हाई मला. सरांनी धरून बसवलं आसंल. फकस्त खरं सांग, तू भागलंतंस का?”

भागलं होतं.

गुरुवारी दुपारी, डोकं दुखतंय म्हणून तिला सांगितल्यावर, मी कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर एकटी बसले आणि भागलं. तिचा कागद बघितला नाही. तीनशे एकवीसात दोनदा, उरले एकोणीस. एकशे पंच्याण्णवात एकदा, उरले चव्वेचाळीस. असं करत करत शेवटी एक उरला. वरचे पाच उतरवले, पंधरा झाले, भाग जाईना म्हणून वर शून्य मांडलं. मग शेवटचा एक उतरवला आणि खाली एकशे एक्कावन्न झाले, भाजकाइतकेच. एकदा भाग. बाकी शून्य. दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मी तो कागद चुरगाळला आणि कँटीनच्या चुलीत टाकला. अख्ख्या कॉलेजात तिच्याशिवाय एकाच माणसाने तो भागाकार केला होता, आणि ते माणूस मी होते. त्या दिवसापासून माझ्याकडे दुसरं शून्य होतं, आणि तिला हवं होतं ते तेवढंच.

“प्रभे?”

चहाच्या खोलीचं दार उघडं होतं. आतून पाहुण्यांचा आवाज येत होता. सर मोठ्याने हसत होते. टाकीपासून ते दार वीस पावलांवर होतं. ती कागद घेऊन आत गेली असती तर वही उघडली गेली असती आणि त्या ओळीपुढची माझी सही वाचली गेली असती.

“भागलं,” मी म्हटलं.

“मग?”

“सत्तेचाळीस उरले.”

तिने माझ्याकडे बघितलं. मी डोळे चुकवले नाहीत. माझ्यात तेवढा निर्लज्जपणा होता हे मला तेव्हाच कळलं.

“नक्की?”

“दोनदा केलं. तू आकडा उतरवतानाच चुकली असशील, मालन. एक आकडा इकडचा तिकडं झाला की संपलं.”

तिने खाकी कागद उघडला नाही. उघडून एकदा वाचला असता तर कळलं असतं, प्रत्येक आकडा जागच्या जागी होता. पण ती वाचायला गेलीच नाही, कारण मी सांगितलं होतं. तिने कागदाची आणखी एक घडी घातली, मग अजून एक.

“आसंल,” ती म्हणाली. “एकच माणूस तीनदा भागाय बसलं की चूक बी तीनदा तीच करतंय. म्हणून तर दुसरी सही ठिवली आसंल.” मग ती हसली, आणि त्या हसण्यात सुटल्यासारखं काही तरी होतं. “बरं झालं बाई तू भागून बघितलंस. न्हाई तर मी भल्या माणसाफुडं जाऊन तोंडावर पडली असती. सरांना बी मी किती उलट बोलली. इसरून जा म्हणावं.”

“कुठं निघालीस?”

“सरांची माफी मागती. तुझ्या देखत बोलली होती, तुझ्या देखतच मागती. चल.”

मी नको म्हटलं नाही. थांब म्हटलं नाही. तिच्या मागून चालत गेले. खोलीच्या दारात तिने चपला काढल्या, आत गेली आणि सगळ्यांच्या समोर हुक्केरीकर सरांच्या पायांशी वाकली.

“सर, माझंच चुकलं. प्रभाने भागून बघितलं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मग त्यांनी कपबशी खाली ठेवली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पाहुण्यांना कौतुकाने म्हणाले, “आमची विद्यार्थिनी. थोडी हट्टी आहे, पण मनाने सरळ.”